कॅनेलमध्ये ओटीपी एका वाटेने आणि जाहिराती दुसऱ्या वाटेने कशा न्यायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणारी छोटी कंपनी, लिनक्स सर्व्हरवर कॅनेल (एसएमएस पाठवणारं मुक्त सॉफ्टवेअर), आणि दोन पुरवठादारांच्या दोन एसएमपीपी जोडण्या (एसएमपीपी म्हणजे मेसेज देण्याघेण्याचा प्रोटोकॉल). पहिली ओटीपी आणि खात्यातल्या व्यवहारांसाठी घेतलेली, दुसरी ठेवयोजनांच्या जाहिरातींसाठी. मेसेज पाठवताना यूआरएलमध्ये 'एसएमएससी' हे पॅरामीटर दिलं जातंय, तरी मेसेज कधी इकडून जातात, कधी तिकडून. जाहिरातींचा लोंढा सुरू झाला की ओटीपी रखडतात. मराठी मेसेजमध्ये प्रश्नचिन्हं येतात. डिलिव्हरी रिपोर्ट एकाच जोडणीचे परत येतात. आणि पहिली जोडणी पडली तर ओटीपी आपोआप दुसरीकडून जावेत, हीसुद्धा अपेक्षा आहे.

सेटिंगची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. कॅनेलच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ती रोमन छोट्या अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन लिहायची. लेबलंसुद्धा तिथे रोमनच ठेवा.

सगळ्यात आधी मुळाशी असलेली गोष्ट. यूआरएलमधलं 'एसएमएससी' हे पॅरामीटर कॅनेलला आदेश देत नाही. ते मेसेजवर फक्त एक लेबल चिकटवतं. ते लेबल वाचायचं की नाही, हे प्रत्येक जोडणीच्या गटात तुम्ही काय लिहिलंय त्यावर ठरतं. तुमच्या फाइलमध्ये दोन्ही जोडण्यांना एसएमएससी-आयडी दिलेला आहे, पण कुणी काय उचलायचं याचा एकही नियम नाही. नियम नसलेली जोडणी कॅनेलच्या लेखी सगळ्यांसाठी खुली असते. मग बेअररबॉक्स, म्हणजे जोडण्या सांभाळणारा कॅनेलचा प्रोग्रॅम, काय करतो? जोडण्यांच्या यादीत कुठूनतरी सुरुवात करतो, चालू असलेल्यांपैकी जिच्यावर त्या क्षणी भार कमी ती निवडतो, आणि मेसेज तिच्या हवाली करतो. तुम्हाला जो गोंधळ वाटतोय ते खरं तर त्याचं भारवाटप आहे, आणि ते अगदी व्यवस्थित चाललंय.

म्हणून जोडणीचं नाव आणि मेसेजचं लेबल या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या करा. बरेच जण लेबल म्हणून पुरवठादाराचंच नाव देतात. उद्या पुरवठादार बदलला की मग सगळ्या प्रोग्रॅममध्ये शोधत बसावं लागतं. लेबल मेसेजच्या जातीचं असावं: ओटीपी, सेवा, जाहिरात. हा मेसेज काय आहे एवढंच प्रोग्रॅमने सांगायचं, कुठून जाईल ते कॅनेलच्या फाइलमध्ये ठरेल.

आता नियम तीन प्रकारचे. अलाऊड-एसएमएससी-आयडी म्हणजे याच लेबलांचे मेसेज मी घेईन, बाकी कुणाचे नाही. लेबल नसलेला मेसेजही नाही. डिनाइड-एसएमएससी-आयडी म्हणजे ही लेबलं सोडून काहीही चालेल. प्रिफर्ड-एसएमएससी-आयडी म्हणजे या लेबलांवर माझा पहिला हक्क. अलाऊड लिहिलं असेल तर त्याच गटातलं डिनाइड वाचलंच जात नाही, त्यामुळे दोन्ही लिहून काही साधत नाही. माझा सल्ला असा की डिनाइड वापरूच नका. नवीन जात सुरू झाली की डिनाइडवाली जोडणी ती गुपचूप उचलायला लागते. अलाऊड असेल तर नवीन लेबलाचा मेसेज कुणीच घेत नाही आणि लॉगमध्ये 'कॅनॉट फाइंड एसएमएससीकॉन' अशी ओळ पडून तो नाकारला जातो. चूक तिथल्या तिथे कळते.

प्रिफर्ड आणि अलाऊड यांतला फरक जोडणी पडल्यावर दिसतो. एखादं लेबल एकाच जोडणीला अलाऊड असेल आणि ती बंद पडली, तर मेसेज बेअररबॉक्सच्या रांगेत थांबतो. तेच लेबल दोन जोडण्यांना अलाऊड आणि त्यातल्या एकीला प्रिफर्ड असेल, तर नेहमी प्रिफर्डवाली वापरली जाते आणि ती पडली की दुसरी आपोआप पुढे येते. तुम्हाला हवं असलेलं फेलओव्हर एवढंच आहे, त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लागत नाही.

पण एक व्यावहारिक अडचण आहे, आणि ती कॅनेलची नाही. तुमची दुसरी जोडणी जाहिरातीच्या अकाउंटची आहे. आपल्याकडे ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक हेडर (मेसेज पाठवणाऱ्याचं नाव) आणि प्रत्येक टेम्प्लेट (मजकुराचा साचा) एका वर्गात नोंदवलेलं असतं. ओटीपीचं हेडर घेऊन जाहिरातीच्या अकाउंटवरून मेसेज ढकलला तर तो अडवला जाणार. २०२५ च्या दुरुस्तीनंतर तर हेडरच्या शेवटी पी, एस, टी, जी असं वर्गाचं अक्षरही ग्राहकाला दिसतं. तेव्हा दुसऱ्या पुरवठादाराकडून व्यवहाराच्या मेसेजसाठी वेगळा अकाउंट मागून घ्या. म्हणजे जोडण्या तीन होतील: क ही पहिल्या पुरवठादाराची, ख ही दुसऱ्याची व्यवहारासाठी, ग ही दुसऱ्याची जाहिरातीसाठी. गट असे दिसतील:

ग्रुप = एसएमएससी
एसएमएससी = एसएमपीपी
एसएमएससी-आयडी = क
अलाऊड-एसएमएससी-आयडी = "ओटीपी;सेवा;ओटीपी-पुन्हा"
प्रिफर्ड-एसएमएससी-आयडी = "ओटीपी;सेवा"

ग्रुप = एसएमएससी
एसएमएससी = एसएमपीपी
एसएमएससी-आयडी = ख
अलाऊड-एसएमएससी-आयडी = "ओटीपी;ओटीपी-पुन्हा"
प्रिफर्ड-एसएमएससी-आयडी = "ओटीपी-पुन्हा"

ग्रुप = एसएमएससी
एसएमएससी = एसएमपीपी
एसएमएससी-आयडी = ग
अलाऊड-एसएमएससी-आयडी = "जाहिरात"

होस्ट, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड वगैरे ओळी मी गाळल्या आहेत, त्या आहेत तशाच राहू द्या. यादीतली नावं अर्धविरामाने तोडायची. स्वल्पविराम टाकलात तर कॅनेल ते सगळं मिळून एकच लांबलचक लेबल समजतो आणि काहीच जुळत नाही. दुसरं, गटाच्या मध्ये रिकामी ओळ सोडू नका. या फाइलमध्ये रिकामी ओळ म्हणजे गट संपला. दिसायला सुटसुटीत म्हणून कुणी मध्ये जागा सोडली की खालचा अर्धा भाग बेवारस होतो आणि बेअररबॉक्स सुरूच होत नाही. शेरा लिहायचा तर स्वतंत्र ओळीत लिहा.

'ओटीपी-पुन्हा' हे काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण फेलओव्हरची खरी मर्यादा तिथे कळते. कॅनेलला फक्त बाइंड, म्हणजे पुरवठादाराच्या सर्व्हरवर केलेलं लॉगिन, दिसतो. जोडणी चालू आहे, पुरवठादार प्रत्येक मेसेजला 'मिळाला' म्हणतोय, पण पुढे ऑपरेटरकडे तुंबलंय आणि ग्राहकाच्या हातात काही पडत नाही. अशा वेळी कॅनेलच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. तो ओटीपी क वरूनच पाठवत राहतो. आणि प्रत्यक्षात जोडणी साफ तुटण्यापेक्षा अशी मंद होण्याचे प्रसंग कितीतरी जास्त. त्यावर उपाय तुमच्या प्रोग्रॅममध्येच करायचा. ग्राहकाने 'पुन्हा पाठवा' दाबलं की दुसरा ओटीपी 'ओटीपी-पुन्हा' या लेबलाने सोडा. हे लेबल ख ला प्रिफर्ड आहे, म्हणजे पहिल्या प्रयत्नात जी वाट फसली तीच पुन्हा धरली जात नाही. ख बंद असेल तर क आहेच. लेबल मेसेजच्या जातीचं ठेवल्याचा फायदा हा असा मिळतो.

सेवा हे लेबल मी ख ला मुद्दाम दिलेलं नाही. हप्ता भरल्याची पावती दहा मिनिटं उशिरा गेली तर कुणाचं बिघडत नाही. संचालक मंडळाला तेही चालत नसेल तर ख च्या अलाऊडमध्ये सेवा जोडा. जाहिरातीचं मात्र ऐकू नका. ग पडली तर जाहिराती थांबू देत.

लेबल चिकटवायचं काम कुणावर सोपवायचं, यातही निवड आहे. सेंडएसएमएस-युजर या गटात डिफॉल्ट-एसएमएससी आणि फोर्स्ड-एसएमएससी अशी दोन सेटिंग आहेत. डिफॉल्ट म्हणजे यूआरएलमध्ये काही दिलं नसेल तर हे. फोर्स्ड म्हणजे यूआरएलमध्ये काहीही दिलं तरी हेच. जाहिरातीचे मेसेज सोडणाऱ्या प्रोग्रॅमला वेगळं युजरनेम द्या आणि त्याला फोर्स्ड लावून टाका. त्या युजरकडून ओटीपीच्या वाटेने काही जाण्याची शक्यताच उरत नाही, मग मार्केटिंगवाल्यांनी एक्सेल शीटमधून काहीही चढवू देत. ओटीपीच्या प्रोग्रॅमला दोन लेबलं वापरायची असल्यामुळे त्याला डिफॉल्ट. दोन्ही युजरना युजर-डिनाय-आयपी आणि युजर-अलाऊ-आयपी लावा, आणि १३०१३ हे पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. पासवर्ड यूआरएलमधूनच जातो, तो वाटेतल्या प्रत्येक प्रॉक्सीच्या लॉगमध्ये उमटतो. मेसेज डेटाबेसमधून एसक्यूएलबॉक्सद्वारे जात असतील तर हेच लेबल टेबलातल्या एसएमएससी-आयडीच्या रकान्यात भरायचं, बाकी सगळं तसंच.

नंबराच्या सुरुवातीवरून वाट ठरवण्याचाही मार्ग आहे: अलाऊड-प्रिफिक्स, डिनाइड-प्रिफिक्स, प्रिफर्ड-प्रिफिक्स. इंटरनेटवर बऱ्याच जुन्या उदाहरणांत ऑपरेटरनुसार चार-चार आकड्यांच्या याद्या दिसतील. त्या आपल्याकडे निरुपयोगी आहेत. २०११ च्या जानेवारीत देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली, तेव्हापासून नंबराच्या सुरुवातीवरून ऑपरेटर कळत नाही. देश ओळखण्यापुरता प्रिफिक्स वापरा. दुबईतल्या एखाद्या सभासदाला मेसेज पाठवायचा असेल तर उपयोगी पडेल. आणि एक खोच: एकाच जोडणीवर अलाऊड आणि डिनाइड दोन्ही प्रिफिक्स लिहिले तर दोन्ही याद्यांत नसलेला नंबर आत घेतला जातो. लोकांना वाटतं अलाऊड लिहिलं म्हणजे बाकी सगळे बाहेर. फक्त अलाऊड असेल तेव्हाच ते खरं.

युनिफाइड-प्रिफिक्सबद्दल जरा थांबून सांगतो. '+९१,००९१,९१,०' असं लिहिलं की चारही प्रकारच्या सुरुवाती +९१ मध्ये बदलतात. कागदावर छान दिसतं. पण ९१ ने सुरू होणारे दहा आकडी मोबाइल नंबर आपल्याकडे भरपूर आहेत. पतसंस्थेच्या जुन्या डेटामध्ये नंबर दहा आकडीच साठवलेले असतात. असा नंबर आला की कॅनेल पुढचे ९१ हा देशाचा कोड समजतो, त्याच्या जागी +९१ लावतो आणि उरतात आठ आकडे. मेसेज चुकीचा नंबर म्हणून परत. बाकी सगळ्यांचे मेसेज व्यवस्थित जातात, त्यामुळे दोष सापडायला महिने लागतात आणि तोवर शाखेत 'याचा मोबाइलच खराब आहे' असं ठरलेलं असतं. नंबर आपल्या प्रोग्रॅममध्ये आधी मोजा: दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होत असेल तर पुढे ९१ लावा, मगच कॅनेलकडे द्या. युनिफाइड-प्रिफिक्समधून नुसतं '९१' काढूनच टाका.

आता डीएलटीच्या, म्हणजे ट्रायच्या नियमांप्रमाणे हेडर आणि टेम्प्लेट नोंदवायच्या व्यवस्थेच्या, आयडींकडे. तुमच्याकडे ग्राहक म्हणून अनेक पतसंस्था आहेत आणि प्रत्येक संस्था स्वतःच्या नावाने नोंदलेली आहे. म्हणजे प्रत्येकीचा पीई आयडी (संस्थेचा नोंदणी क्रमांक) वेगळा, हेडर वेगळं, टेम्प्लेट आयडी वेगळे. मार्च २०२१ मध्ये टेम्प्लेट जुळवण्याची सक्ती सुरू झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले होते, आणि ट्रायला ती सक्ती आठवडाभर स्थगित करावी लागली होती. आता तशी सवलत नाही. हे आयडी प्रत्येक मेसेजसोबत एसएमपीपीच्या जादा टॅगमधून जातात: हेक्स १४०० मध्ये पीई आयडी, १४०१ मध्ये टेम्प्लेट आयडी. टेलिमार्केटरच्या साखळीसाठी तिसरा टॅगही लागतो, तो पुरवठादाराच्या कागदावर बघून घ्या.

कॅनेलला हे टॅग ओळखायला शिकवायचं ते एसएमपीपी-टीएलव्ही या गटातून. प्रत्येक टॅगला एक गट: नाव, टॅगचा हेक्स आकडा, प्रकार, लांबी. कोणत्या जोडण्यांसाठी लागू तेही तिथेच सांगता येतं. तुमच्या आवृत्तीच्या युजर गाइडमध्ये हा गट आहे ना ते आधी पाहा. सर्व्हरसोबत आलेलं जुनं पॅकेज असेल तर नवीन आवृत्ती बसवा. प्रकार ऑक्टेटस्ट्रिंग ठेवा. आयडी दिसायला आकडाच आहे म्हणून इंटिजर ठेवायचा मोह होतो, पण १९ आकड्यांचा तो आयडी एसएमपीपीच्या चार बाइटच्या इंटिजरमध्ये मावत नाही.

मग पाठवताना मेटा-डेटा या पॅरामीटरमध्ये आयडी द्यायचे. त्याची रचना: प्रश्नचिन्ह, एसएमपीपी, पुन्हा प्रश्नचिन्ह, मग नाव बरोबर किंमत, आणि दोन जोड्यांच्या मध्ये अँपरसँडचं चिन्ह. इथे बहुतेक सगळे एकदा तरी अडकतात. हा सगळा मजकूर स्वतः एका यूआरएलच्या आत बसतोय. आतलं अँपरसँड एन्कोड न करता तसंच सोडलं तर बाहेरच्या यूआरएलला वाटतं मेटा-डेटा तिथेच संपला. पीई आयडी जातो, टेम्प्लेट आयडी वाटेत गळतो, आणि पुरवठादार म्हणतो 'टेम्प्लेट जुळत नाही'. तुम्ही टेम्प्लेट पुन्हा पुन्हा तपासत बसता. मेटा-डेटाची अख्खी किंमत एन्कोड करा, आतलं अँपरसँड टक्का-२६ झालं पाहिजे. खात्री करायची तर बेअररबॉक्सची लॉग-लेव्हल ० करा आणि एक मेसेज सोडा. पुरवठादाराकडे जाणाऱ्या पीडीयूचा (एसएमपीपीच्या एका निरोपाचा) सगळा तपशील लॉगमध्ये पडतो, त्यात दोन्ही टॅग दिसले पाहिजेत. काम झालं की लॉग-लेव्हल परत वर घ्या, नाहीतर डिस्क भरेल आणि ओटीपी साध्या अक्षरांत लॉगमध्ये साठत जातील ते वेगळंच.

मराठीतल्या प्रश्नचिन्हांचं कारण सोपं आहे. यूआरएलमध्ये कोडिंग २ आणि कॅरसेट यूटीएफ-८ ही दोन्ही पॅरामीटर हवीत. कोडिंग दिलं नाही तर कॅनेल मजकूर जीएसएमच्या सात बिटांच्या अक्षरसंचात बसवायला बघतो, तिथे देवनागरी नाही, म्हणून प्रश्नचिन्ह. पण तुमच्या काही इंग्रजी मेसेजमध्येही एखादंच प्रश्नचिन्ह दिसतं असं तुम्ही लिहिलंय. ते बहुतेक रुपयाचं ₹ हे चिन्ह असणार, कारण त्या संचात तेही नाही. तिथे रोमनमध्ये 'आरएस' लिहा. वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणचिन्हंही तोच त्रास देतात.

कोडिंग २ केलं की लांबीचं गणित बदलतं. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. त्यापुढे गेलं की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहिती घालावी लागत असल्यामुळे ६७ च उरतात. आणि मोजणी आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसते. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर, पण मेसेजच्या हिशेबात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार. बिल तुकड्यांवर येतं, म्हणून टेम्प्लेट नोंदवायच्या आधी मोजून घ्या. ओटीपीपुरता संस्थेचा नुसता संक्षेप वापरला तर बऱ्याचदा एक अख्खा तुकडा वाचतो.

मराठी टेम्प्लेटमध्ये आणखी एक छुपा शत्रू आहे तो म्हणजे 'दुसऱ्या', 'वाऱ्याला' अशा शब्दांतला अर्धा र. हा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि मागोमाग न दिसणारं एक जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे दिसतात. टेम्प्लेट एका कीबोर्डवरून नोंदवलं आणि प्रोग्रॅममधला मजकूर दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केला, तर टेम्प्लेटची जुळणी फसते आणि माणसाला कारण दिसत नाही. डीएलटी पोर्टलवर मंजूर झालेला मजकूर तिथूनच कॉपी करून प्रोग्रॅममध्ये घ्या, पुन्हा टाइप करू नका. किंवा सरळ अर्धा र टाळा. 'दुसऱ्या हप्त्याची' ऐवजी 'हप्ता क्र. २ ची' म्हणता येतं.

डिलिव्हरी रिपोर्ट एकाच जोडणीचे येतात, याची कारणं अनेक असू शकतात, पण तुमच्या लॉगच्या तुकड्यात 'गॉट डीएलआर बट कुड नॉट फाइंड मेसेज' अशी ओळ आहे (डीएलआर म्हणजे डिलिव्हरी रिपोर्ट). म्हणजे रिपोर्ट येतोय, कॅनेलला तो कोणत्या मेसेजचा ते कळत नाही. मेसेज दिला तेव्हा पुरवठादाराने १ए२बी३सी४डी असा आयडी दिला आणि रिपोर्टमध्ये मात्र ०४३९०४११०१ हा आयडी आला, असं काहीतरी तिथे दिसेल. हे दोन एकच आहेत: पहिला हेक्समध्ये, दुसरा दशमानात. अशा पुरवठादारासाठी त्या जोडणीच्या गटात एमएसजी-आयडी-टाइप हे ०एक्स०१ करायचं, म्हणजे देताना हेक्स, रिपोर्टमध्ये दशमान. उलट असेल तर ०एक्स०२, दोन्हीकडे हेक्स असेल तर ०एक्स०३. दोन जोडण्यांना दोन वेगळी मूल्यं असू शकतात, म्हणून हे दोन्ही पुरवठादारांसाठी वेगवेगळं तपासा.

त्याच ओघात डीएलआर-स्टोरेज बघा. 'इंटर्नल' असेल तर वाट बघत असलेले रिपोर्ट फक्त मेमरीत असतात. बेअररबॉक्स रीस्टार्ट केला की सगळे पोरके. मायएसक्यूएल किंवा रेडिसवर न्या. डीएलआर-मास्क ३१ ठेवलंत तर पोचला, नाही पोचला, रांगेत, स्वीकारला, नाकारला असे पाचही प्रकार येतात. सुरुवातीला ३१ ठेवा, घडी बसली की १९ पुरेल. त्यात पोचला, नाही पोचला आणि नाकारला एवढेच येतात.

पुरवठादाराने पाठवणं आणि घेणं यांसाठी वेगळे बाइंड दिले असतील किंवा एकाच अकाउंटचे तीन-चार बाइंड उघडायला परवानगी असेल, तर त्या सगळ्या गटांना एकच एसएमएससी-आयडी द्या. रिपोर्ट कोणत्याही बाइंडवर येऊ शकतो आणि कॅनेल तो याच आयडीने शोधतो. मग त्यांतला एकच बंद-चालू करायचा झाला तर कसं ओळखायचं? त्यासाठी प्रत्येकाला वेगळा एसएमएससी-ॲडमिन-आयडी द्यायचा.

ओटीपी रखडण्याचं मुख्य कारण दोन्ही जातींचे मेसेज एकाच रांगेत येणं हेच होतं, ते लेबलांनी सुटेल. तरी ग वर थ्रूपुट लावा, पुरवठादाराने सेकंदाला जेवढे कबूल केलेत त्याच्या थोडं खाली. लावलं नाही तर तिकडून ०एक्स५८ ही एरर येते, म्हणजे फार भरभर पाठवताय. ओटीपीला व्हॅलिडिटी ५ द्या. हा आकडा मिनिटांचा आहे. अर्ध्या तासाने पोचलेला ओटीपी ग्राहकाला घाबरवतो आणि मग तो शाखेत फोन करतो. स्टोअर-टाइप आणि स्टोअर-लोकेशन हेही भरा, नाहीतर रीस्टार्टच्या वेळी रांगेतले मेसेज हवेत विरतील.

हे सगळं थेट चालू सर्व्हरवर करू नका. कॅनेलच्या सोर्ससोबत फेकएसएमएससी नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. लॅपटॉपवर 'एसएमएससी = फेक' असे तीन गट करा, तीन पोर्ट, तीन खिडक्या. आधी बेअररबॉक्स, मग एसएमएसबॉक्स (यूआरएलने आलेले मेसेज घेणारा प्रोग्रॅम) सुरू करा. प्रत्येक लेबलाचा एक-एक मेसेज सोडा आणि कोणत्या खिडकीत उमटतो ते बघा. मग क ची खिडकी बंद करून ओटीपी पुन्हा सोडा. तो ख मध्ये दिसला पाहिजे आणि सेवेचा मेसेज रांगेत थांबला पाहिजे. डिफॉल्ट किंवा फोर्स्ड नसलेल्या युजरकडून लेबलाशिवायही एक मेसेज सोडा, तो नाकारला गेला पाहिजे. नाकारला गेला नाही तर कुठल्यातरी गटात अलाऊडची ओळ लिहायची राहिलीय.

खऱ्या सर्व्हरवर नेल्यावर ॲक्सेस लॉगची ओळ वाचायची सवय लावा. 'सेंट एसएमएस' नंतर चौकटी कंसांत सगळं असतं: कोणत्या जोडणीवरून गेला, पुरवठादाराने काय आयडी दिला, मेटा-डेटा काय होता, कुणाकडून, कुणाला. 'फ्लॅग्ज' पुढे पाच आकडे असतात, त्यांतला दुसरा कोडिंगचा आणि पाचवा डीएलआर-मास्कचा. मराठी मेसेजच्या ओळीत दुसरा आकडा २ नसेल तर पुढे काही बघायची गरजच नाही, दोष तुमच्या यूआरएलमध्ये आहे. १३००० पोर्टवरच्या स्टेटस पानावर प्रत्येक जोडणीपुढे किती गेले, किती फसले, किती रांगेत हे दिसतं. पहिल्या आठवड्यात संस्थांची गर्दी नसेल अशा वेळी तिथूनच स्टॉप-एसएमएससी देऊन क मुद्दाम पाडून बघा, आणि स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी मागवा.

यानंतरही रिपोर्ट जुळले नाहीत तर एकाच मेसेजच्या दोन ओळी पाठवा: देतानाच्या पीडीयूतला आयडी आणि रिपोर्टमधला आयडी. मोबाइल नंबर, पासवर्ड आणि संस्थेचा पीई आयडी तेवढे खोडून टाका.